दोन गॅरेजांमधली मावशी

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मावशीने आधी पायाचं विचारलं आणि मग क्लचचं. पायाचं उत्तर डॉक्टरांनी दिलं. क्लचचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. बाई गुंगीत बोलताहेत असं समजून नर्सने तिच्या कपाळावर हात ठेवला.

मावशी गुंगीत नव्हती. बाजारातल्या गल्लीत एक मालट्रक मागे येताना तिला दुकानाच्या पायरीशी चिरडून गेला होता आणि डावा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत काढावा लागला होता. तिने मनात लगेच हिशोब केला होता: डावा पाय म्हणजे क्लच.

ही माझ्या आईची धाकटी बहीण. बँकेच्या शेजारी तिचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, आरसे आणि फ्रेमांच्या रांगा, मागे पडद्याआड काचा घासायचं यंत्र आणि एक उंच स्टूल. साठीला आली तरी चष्म्याच्या काडीतला मोहरीएवढा स्क्रू ती एका दमात बसवते. गिऱ्हाईक तिला चष्मेवाल्या बाई म्हणतात. पण ज्यांनी तिला तरुणपणी पाहिलं आहे ते तिला ओळखतात ते तिच्या गाडीमुळे.

ती गाडी दोन सीटची, उघड्या टपाची, लांब नाकाची स्पोर्ट्स कार आहे. रंग गर्द निळा, चाकांना तारांचे आरे. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. मावशीने ती लग्नाच्या आधी एका भंगारवाल्याच्या आवारातून उचलली, तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या बसत होत्या. हळूहळू ती रस्त्यावर आणली आणि मग गावाबाहेरच्या घाटात जुन्या गाड्यांची जी चढणीची शर्यत व्हायची तिच्यात दरवर्षी उतरू लागली. शेजारी नकाशा घेऊन बसायला कुणीतरी हवं होतं. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारा एक शांत माणूस मिळाला. तेच पुढे आमचे काका झाले. काका अजूनही पाहुण्यांना सांगतात, "हिच्या आयुष्यात मी दुसरा. पहिली शेडमध्ये उभी आहे."

अपघातानंतर मावशी कृत्रिम पायावर चालायला शिकली. पडली, उठली, चिडली, पुन्हा पडली. काकांनी तिच्यासाठी क्लच नसलेली एक छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि ती तीच घेऊन दुकानात जाऊ लागली. घरातल्या सगळ्यांना वाटलं, झालं, प्रश्न मिटला. निळी गाडी शेडमध्ये कापडाखाली उभी राहिली. टायर बसले, ब्रेक गंजून धरले, इंजिन आखडलं.

एकदा जुन्या गाड्यांचा शौक असलेला एक गृहस्थ ती विकत मागायला आला. माणूस सभ्य होता. गाडी द्यावी असं काकांच्या मनात होतं. मावशीने त्याला गाडी दाखवली, चहा दिला आणि विचारलं, घेतल्यावर चालवणार का. तो म्हणाला, छे, मी तिच्यासाठी खास काचेची खोली बांधली आहे. मावशीने मान हलवली, कप उचलले आणि त्याला गेटपर्यंत पोचवून आली. परत येऊन शेडच्या दारात उभी राहिली.

"गाडी मी चालवणार," ती म्हणाली.

काकांनी विचारलं, कशी. ती म्हणाली, ते अजून ठरायचं आहे, पण चालवणार हे ठरलं. काका पुढे काहीतरी ऑटोमॅटिक गाडीबद्दल बोलू लागले तर म्हणाली, "ती गाडी मला नेते. मी तिला नेत नाही." मी मधे पडले नाही, कारण गाडी सुरू झाली आणि थांबली, एवढंच मला गाड्यांतलं कळतं.

आता प्रश्न आला की गाडी द्यायची कुणाकडे. यावरून आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर दोन तट पडले.

कोपऱ्यावर एक गॅरेज आहे. तिथल्या मालकाला सगळं गाव भाऊ म्हणतं. भाऊ सगळं दुरुस्त करतो: टेम्पो, स्कूटर, ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, एकदा तर बेकरीचा ओव्हनसुद्धा. पोलिओने पाय गेलेल्या एका पेपरवाल्याच्या स्कूटरला त्याने हाताने चालणारा ब्रेक करून दिला होता, आणि तो माणूस आजही रोज सकाळी तिच्यावर पेपर टाकत फिरतो. काकांचं मत भाऊकडे द्यावं. माणूस माहितीतला, घराजवळचा, रात्री-अपरात्री धावून येणारा.

दुसरीकडे हेडसर होते. ते शहरात असतात, आमच्याकडून गाडीने अर्धा दिवस लागतो. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही, कारण ते गाडीच्या मालकांना वर्गात उभं केल्यासारखं झापतात. फक्त जुन्या स्पोर्ट्स कार घेतात, त्यातही ठरावीक जातीच्या. माझी आई त्यांच्या बाजूने होती. मेंदूच्या ऑपरेशनला कुणी फॅमिली डॉक्टरकडे जातं का, असं ती म्हणाली. काका म्हणाले, आणि सर्दी झाली म्हणून कुणी मेंदूच्या डॉक्टरकडे जातं का. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटत होती, आणि त्यामुळेच वाद संपेना.

मावशी ऐकत राहिली आणि दुसऱ्या दिवशी भाऊच्या गॅरेजात गेली. कारण साधं होतं: तिला स्वतः समोर बसून काम बघायचं होतं, आणि कोपऱ्यापर्यंत ती चालत जाऊ शकत होती.

भाऊने गाडी बघितली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आवडलं. त्याने आधी हात फडक्याला पुसले आणि मग बॉनेट उघडलं. मावशीने विचारलं, अशा गाडीवर कधी काम केलंय का. तो म्हणाला, हिच्यावर नाही, पण इंजिन ते इंजिन. मावशीने ते ऐकून घेतलं.

काम जोरात सुरू झालं. ब्रेक मोकळे झाले, टायर बदलले, टाकी धुतली गेली. इंजिनात तेल सोडून भाऊने ते थोडं थोडं फिरवत सोडवलं, आणि एका दुपारी गाडी खोकत, धूर सोडत सुरू झाली. गॅरेजभर टाळ्या पडल्या. मावशी मात्र कान देऊन ऐकत होती. गाडीचा आवाज तिला माहीत होता आणि हा तो नव्हता. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या दोन कार्बोरेटरांपैकी एक पुढे पळत होता, दुसरा मागे रेंगाळत होता. भाऊने स्क्रू फिरवून फिरवून पाहिले. एकाला लावावं तर दुसरा बिघडे.

आणि मग इंजिनवरच्या नळीच्या जोडातून गरम पाण्याची चिळकांडी उडाली.

भाऊने इंजिन बंद केलं, जोड उघडला आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. नंतर हातातला बोल्ट मावशीपुढे धरला. या गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे होते. एक जुना गंजून तुटला म्हणून भाऊने डब्यातला रोजच्या मिलिमीटरच्या मापाचा घेतला होता. दोन आटे नीट गेला, पुढे अडला, तेव्हा त्याने पान्याने जोर दिला. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, मऊ ॲल्युमिनियमचं. आतले आटे गेले होते.

"बाई, चूक माझी आहे," भाऊ म्हणाला. "आणि आणखी एक सांगतो. हे इंजिन माझ्याकडे ठेवलंत तर मी अजून दोन-चार गोष्टी अशाच शिकेन, आणि त्या तुमच्या गाडीवर शिकेन."

मावशीला राग आला होता. चष्म्याच्या धंद्यात चुकीचा स्क्रू दाबून बसवणं यासारखं पाप नाही, आणि काम शिकायला आलेल्या मुलींना ती पहिल्या दिवशी हेच सांगते. तिने भाऊला तेही ऐकवलं, अगदी हळू आवाजात, म्हणजे ती खरी चिडली होती. पण घरी येताना मला म्हणाली, माणसाने स्वतःहून सांगितलं. लपवून वर पट्टी चिकटवली असती तर आपल्याला घाटात कळलं असतं.

मग आम्ही हेडसरांकडे गेलो. गाडी तशीच ठेवली, आधी बोलून घ्यावं म्हणून मी मावशीला माझ्या गाडीतून नेलं.

हेडसरांचं गॅरेज म्हणजे दवाखानाच. फरशी राखाडी रंगवलेली, त्यावर तेलाचा डाग नाही. भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले आणि प्रत्येकामागे त्याची बाह्यरेषा काढलेली, म्हणजे एक जरी जागेवर नसला तरी कळावं. तीन गाड्या उघड्या पोटाने उभ्या होत्या. बोलणं दबक्या आवाजात. हेडसर उंच, वाळके, चष्मा कपाळावर ढकललेला. मावशीची नजर आधी त्या चष्म्यावर गेली. फ्रेम वाकडी आहे, नाकावर वळ उठत असतील, असं ती मला पुटपुटली.

त्यांनी मावशीची तासभर परीक्षा घेतली. गाडी कुठून आणली, गिअरबॉक्स मूळचाच का, रंग किती वेळा दिला, हेडला काय झालं. आट्यांचं ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, होईल. आट्यांच्या जागी नवीन बारीक बुश, म्हणजे आटे पाडलेली नळी, बसवता येतो, कार्बोरेटर पूर्ण उघडून जुळवावे लागतील, गिअरबॉक्सही बघावा लागेल. वेळ लागेल. घाई असेल तर आलात तसे जा.

मावशी म्हणाली, घाई नाही. आणि मग तिने क्लचचं सांगितलं. हाताने दाबता येईल असा काहीतरी लिव्हर लागेल.

हेडसरांची नजर पहिल्यांदा तिच्या पायाकडे गेली. लगेच त्यांनी ती वळवली. ते उद्धट नव्हते, हे मला सांगायला हवं. त्यांना वाईट वाटलं होतं. पण त्यांनी नाही म्हटलं. अशा गाड्या जगात मोजक्याच उरल्यात, एक भोक पाडलं, एक पत्रा कापला की ती परत तशी होत नाही. इंजिन ते कारखान्यातून निघालं तसं करून देतील, पण तसलं काम ते करणार नाहीत आणि दुसऱ्याने केलं तर पुन्हा त्या गाडीला हात लावणार नाहीत.

"ही गाडी तुमच्या आधी होती, बाई," ते म्हणाले. "तुमच्या नंतरही राहायला हवी."

"राहील," मावशी म्हणाली. "पण मधल्या काळात ती माझी आहे. आणि मी अजून मधेच आहे."

आम्ही निघालो. परतीच्या रस्त्यावर मावशी खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, आता ती हरली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले तर म्हणाली, "गप्प बस गं, विचार करतेय."

घरी आल्यावर काकांनी सोपा मार्ग सुचवला. हेडसरांकडे सगळं द्यावं, गाडी नवी करून घ्यावी आणि काका चालवतील, ती शेजारी बसेल. यामागे प्रेमच होतं. मावशी म्हणाली, तुम्ही त्या गाडीला हातगाडीसारखं ढकलत नेता, आणि वळणावर डोळे मिटता. काका म्हणाले, डोळे मी तू चालवतेस तेव्हा मिटतो. दोघंही हसली, पण मुद्दा तिथेच राहिला.

दुसरा मार्गही होता. भाऊ वेल्डिंग करून काहीही बसवायला तयार होता. भोक पाडू, पट्टी जोडू, चार दिवसांत लिव्हर हातात. पण मग हेडसर गेले, आणि हेडसर गेले म्हणजे इंजिन गेलं. एकाकडे गाडी जिवंत होणार होती पण मावशीची राहणार नव्हती. दुसऱ्याकडे मावशीची होणार होती पण धड चालणार नव्हती. आई म्हणाली, कुठेतरी मन मारावंच लागतं. मावशीने ते वाक्य ऐकलंच नसल्यासारखं केलं.

उत्तर तिला दुकानात सापडलं, आणि ते सापडलं तेव्हा मी तिथेच होते. ती एक बिनकडांचा चष्मा बनवत होती. तसल्या चष्म्यात काचेला भोकं पाडून काड्या बसवतात. एका काचेला भोकाशी तडा गेला. मावशीने ती बाजूला टाकली, दुसरी घ्यायला हात लांबवला आणि तसाच थांबवला. मग खणातून एक जुन्या पद्धतीची फ्रेम काढली. तिच्यात काचेला भोक नसतं. दोन बारीक चिमटे काच दोन्ही बाजूंनी धरतात, मधे मऊ पट्टी असते, आणि काच काढली तर तिच्यावर ओरखडासुद्धा उरत नाही.

ती त्या चिमट्यांची बराच वेळ उघडझाप करत राहिली. मग तिने दुकान माझ्यावर सोडलं आणि काठी टेकत भाऊच्या गॅरेजकडे निघाली.

भाऊला पटायला वेळ लागला. वेल्ड न करता पकड टिकेल का, हा त्याचा प्रश्न रास्त होता. मावशीने तारेचा एक नमुना वाकवून दाखवला. गिअरच्या दांड्यावर मोटरसायकलच्या क्लचसारखी मूठ बसवायची, पण चिमट्याने. मूठ आवळली की केबल ओढली जाईल आणि ती पायाचं पेडल दाबेल. पेडलवरही चिमटा. मधे जोर वाढवायला एक छोटा उलटा दांडा, आणि तो कारखान्यानेच ठेवलेल्या दोन बोल्टांवर बसेल. गाडीत एकही नवं भोक नाही. उद्या कुणाला नको असेल तर पाना घेऊन काढून टाकावं, गाडी जशीच्या तशी.

भाऊने डोकं खाजवलं आणि म्हणाला, त्या बोल्टांचं माप मात्र मी या वेळी आधी विचारून घेणार.

मावशीने हेडसरांना फोन केला. भोक नसेल तर, असं तिने विचारलं. मग ते म्हणाले, बघितल्याशिवाय शब्द देणार नाही. आणि एका गाडीवर दोघांनी काम केलं की बिघाड झाल्यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, हे आयुष्यभर पाहिलंय. भाऊचंही नेमकं हेच म्हणणं होतं. त्यांनी काही केलं आणि माझा क्लच अडकला तर नाव माझं खराब. मावशीने दोघांनाही एकच उत्तर दिलं: बिघडलं तर बोट माझ्याकडे दाखवा. इंजिन आणि गिअरबॉक्स हेडसरांचं, क्लच भाऊचा, आणि गाडी माझी.

गाडी ट्रकवर चढून शहरात गेली आणि तिथे बरेच महिने राहिली. इकडे मावशीने हाताची तयारी सुरू केली. जुन्या गाडीचा क्लच जड असतो, पायाने जेवढा जोर लागतो तेवढा हाताने लावायचा म्हणजे खेळ नाही. भाऊने तिला एक स्प्रिंग लावलेली मूठ करून दिली. गिऱ्हाईक आरशात फ्रेम बघत असताना मावशी काउंटरखाली ती आवळत असायची. मनगट सुजलं, डॉक्टर रागावले, तिने आठवडाभर थांबून पुन्हा सुरू केलं. एकदा हस्तांदोलन करताना बँकेचे मॅनेजर ओरडले, तेव्हा काकांना समजलं की ही आता थांबत नाही.

गाडी परत आली तेव्हा इंजिन असं चालत होतं की बॉनेटवर ठेवलेला पाण्याचा पेला हलला नाही. हे हेडसरांनी स्वतः दाखवलं, कारण गाडीबरोबर ते आले होते. हाताचा क्लच बसताना त्यांना बघायचा होता. भाऊच्या गॅरेजात त्यांनी पाऊल टाकलं, तेलाने काळ्या पडलेल्या जमिनीकडे पाहिलं आणि बरोबर आणलेली स्वच्छ सतरंजी गाडीखाली अंथरली. भाऊने तोंड फिरवलं, पण मला त्याच्या मिशीखालचं हसू दिसलं.

क्लच बसवून झाल्यावर हेडसर टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. भोक शोधत होते. खूप वेळाने बाहेर आले, कपडे झटकले आणि म्हणाले, नाही. भोक नाही. मावशीचे खांदे जरा खाली आले, एवढंच. मग ते सीटवर बसले, मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली आणि म्हणाले, केबल त्या कोपऱ्यात फार आवळून वळते, तिथे तिचे धागे तुटतील. भाऊला ते झोंबलं. पण त्याने खाली वाकून पाहिलं आणि केबल सोडवायला घेतली. नवा मार्ग दोघांनी मिळून काढला, एक सतरंजीवर, एक जमिनीवर, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यात जे बोलणं झालं ते "धर", "सोड", "अजून जरा" याच्यापलीकडे गेलं नाही. निघताना दोघांनी एकमेकांचा निरोपही घेतला नाही.

मावशीने शेजारच्या रिकाम्या मैदानात सराव केला. पहिल्या दिवशी गाडी बेडकासारखी उड्या मारत बंद पडली. मूठ सोडायला उशीर, नाहीतर घाई. पायाला जे वर्षानुवर्षं माहीत होतं ते हाताला मुळापासून शिकवायचं होतं. घरी येऊन ती जेवायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. हळूहळू उड्या कमी झाल्या. एक दिवस ती मैदानातून सरळ रस्त्यावर निघाली, बाजारातून फिरून आली आणि दुकानासमोर गाडी लावून आत काचा घासायला बसली. जणू रोजचंच.

मग घाटाचा दिवस आला. आता शर्यत लावत नाहीत, जुन्या गाड्या एकामागून एक वर चढतात आणि लोक कठड्यावर बसून बघतात. मावशीने नाव दिलं होतं. काका नकाशा घेऊन शेजारी बसले, रस्ता एकच असला तरी. हेडसर त्यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांबरोबर वर थांबले होते, भाऊ आपला टेम्पो घेऊन मागून येत होता आणि मी त्याच्या टेम्पोत होते.

अर्ध्या घाटापर्यंत सगळं छान झालं. निळी गाडी वळणं घेताना मला खालून दिसत होती, आणि तिचा आवाज दरीत घुमत होता. मग मोठ्या वळणावर पुढची एक गाडी अचानक बंद पडून आडवी झाली. मावशीला थांबावं लागलं. तिने मूठ आवळली आणि काहीतरी कटकन तुटलं. विकत आणलेल्या केबलचं टोक तुटून निसटलं होतं. गाडी गिअरमध्येच धक्का खाऊन बंद पडली.

आम्ही पोचलो तेव्हा तिथला स्वयंसेवक तिला समजावत होता की काळजी करू नका, दोरी लावून टोचन करून वर नेतो, लोक टाळ्याच वाजवतील. भाऊ उतरून धावला. त्याने बघितलं आणि म्हणाला, केबल इथे होणार नाही बाई, सामान लागेल. पुढची गाडी तोवर बाजूला ढकलली गेली होती. रस्ता मोकळा होता.

मावशीने काकांकडे पाहिलं. "उतरायचं असेल तर उतरा."

"नकाशा कोण वाचणार?" काका म्हणाले.

वळणाचा तो भाग जरा सपाट होता. मावशीने भाऊला आणि स्वयंसेवकाला बाजूला व्हायला सांगितलं. पहिला गिअर तसाच ठेवला, क्लच नाहीच, आणि स्टार्टर मारला. गाडी थरथरली, स्टार्टर कण्हत कण्हत तिला पुढे ओढू लागला, एक हिसका, दुसरा, आणि इंजिन पेटलं. गाडी चालू लागली. पुढे पहिल्याचा दुसरा करायचा होता. तरुणपणी असल्या शर्यतीत क्लच जळला तेव्हा ती हे शिकली होती: इंजिनाची रेस आणि चाकांचा वेग जुळले की दांडा नुसता बोटाने आत जातो. नाही जुळले तर गिअरबॉक्स ओरडतो. तो एकदा ओरडला, आणि मला खात्री आहे तो आवाज वर हेडसरांच्या काळजात गेला. दुसऱ्यांदा दांडा गुपचूप बसला. निळी गाडी वळणाआड दिसेनाशी झाली आणि आवाज मात्र चढत राहिला, कुठेही न तुटता.

आम्ही टेम्पो दामटत माथ्यावर गेलो. गाडी उभी होती, इंजिन बंद, बॉनेटमधून उष्णता वर येत होती. काका कठड्यावर बसून पाणी पीत होते. मावशी अजून सीटवरच होती. तिचा चेहरा घामाने भिजला होता. रडत होती का हसत होती ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. हेडसर लांब ढांगा टाकत आले. आधी मला वाटलं आता तिला झापतील.

"गिअर किती वेळा खरखरला?" त्यांनी विचारलं.

"एकदा," मावशी म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. मग भाऊकडे वळून त्यांनी केबलचं तुटकं टोक मागितलं, चष्मा कपाळावरून खाली ओढून ते निरखलं आणि म्हणाले, ही केबल मोटरसायकलची आहे, इतका ताण तिला सोसणार नाही, माझ्या ओळखीचा एक जण विमानांच्या कामाची केबल विकतो. भाऊ म्हणाला, पत्ता द्या. दोघं बोलत बोलत टेम्पोकडे गेले. या वेळी वाक्यं जरा लांब होती.

ती केबल आता बसली आहे. शहरातून, आजूबाजूच्या गावांतून लोक मावशीला विचारायला येतात की आमची जुनी गाडी कुणाकडे देऊ, सगळी कामं करणाऱ्याकडे की एकच जाणणाऱ्याकडे. मावशी त्यांना उलट विचारते, गाडीचं तुम्हाला करायचंय काय. ज्यांना ते सांगता येत नाही त्यांना ती परत पाठवते, ठरवून या म्हणते. काहीजण रागावून जातात. तिला त्याचं काही नाही.

पुढच्या हंगामात दोन दिवसांचा लांबचा प्रवास आहे, डोंगरापलीकडे आणि परत. मावशीने नाव दिलं आहे. हेडसरांनी इंजिन तपासायला बोलावलं आहे, भाऊ टेम्पो घेऊन मागे असेल. काल मी दुकानात गेले तर काका गिऱ्हाइकाच्या खुर्चीत हनुवटी वर करून बसले होते आणि मावशी त्यांचा नंबर तपासत होती. गेल्या महिन्यात सरावाला लांब गेलो तेव्हा यांचा एक फाटा चुकला, म्हणत होती, या वेळी नकाशावरचं बारीक अक्षर दिसायला हवं.